न आलेल्या पेशंटची यादी

कुठल्याही जुन्या फॅमिली डॉक्टरला विचारा, ‘तुमच्याकडे मधुमेहाचे पेशंट किती?’ उत्तर चटकन येतं, ‘असतील दोन-अडीचशे.’ मग विचारा, ‘त्यातले गेल्या सहा महिन्यांत फिरकलेच नाहीत असे किती?’ इथे बहुतेक डॉक्टर थांबतात. यात हुशारीचा किंवा आस्थेचा प्रश्न नाही. दवाखान्याची घडणच अशी आहे, की समोरच्या स्टुलावर बसलेला माणूस दिसतो आणि न आलेला दिसत नाही. पेशंट आला की कपाटातून केसपेपर निघतो, त्यावर चार ओळी पडतात, तो परत कपाटात जातो. जो येत नाही त्याचा केसपेपर निघतच नाही. औषधं सोडलेला, शुगर तीनशेवर गेलेला, पायाच्या जखमेकडे दुर्लक्ष करणारा माणूस त्या कपाटात शांतपणे पडून असतो.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराचं मात्र असं नसतं. कुणाची उधारी दोन महिने थकली आहे, हे त्याला वही उघडली की कळतं, कारण त्याची वही येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी नसून न येणाऱ्यासाठी असते. दवाखान्यातल्या रुग्णनोंदवहीचं, जिला डॉक्टरमंडळी पेशंट रजिस्ट्री म्हणतात तिचं, काम तेवढंच आहे. एका विशिष्ट आजाराच्या आपल्या सगळ्या पेशंटांची एक यादी, प्रत्येकापुढे शेवटची तपासणी कधी झाली, आकडा किती आला आणि पुढची तारीख कोणती. ती यादी चाळली की कोण मागे राहिलं हे कळलं पाहिजे. नाही कळलं, तर ती रजिस्ट्री नाही, नुसता माहितीचा ढीग आहे.

रजिस्ट्री हा शब्द आपल्याकडे वैद्यकात जुना आहे, पण दुसऱ्या अर्थाने. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ सालची. बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. या नोंदण्यांतून कुठला कर्करोग कुठल्या भागात किती, वाढतोय की घटतोय, हे कळतं, आणि ते मोलाचं काम आहे. पण बार्शीच्या नोंदणीतला आकडा पाहून कुणी एखाद्या बाईला फोन करत नाही, ‘मावशी, तुमची तपासणी राहिली.’ त्या नोंदणीचा तो हेतूच नव्हे. प्राथमिक दवाखान्यातली नोंदवही मात्र संशोधनासाठी नसून फोन करण्यासाठी असते. हा फरक पक्का लक्षात ठेवला नाही, तर पुढे सगळा घोळ होतो, आणि आपल्याकडे तो झालेला आहे. त्याबद्दल पुढे.

आधी वेल्समधल्या एका खेड्याची गोष्ट. दक्षिण वेल्सच्या कोळसाखाणींच्या पट्ट्यात ग्लिनकॉरग नावाचं, त्या काळी जेमतेम दोन हजार वस्तीचं, गाव आहे. ज्युलियन ट्यूडर हार्ट हा तरुण डॉक्टर १९६१ च्या सुमारास तिथे गेला आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. माणूस कट्टर समाजवादी. ज्याला उपचारांची गरज जास्त त्यालाच ते कमी मिळतात, हा त्याचा ‘व्यस्त उपचारांचा नियम’ १९७१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि आजही जगभर सांगितला जातो. पण माझ्या मते त्याचं त्याहून मोठं काम त्याच्या कपाटातल्या कागदांवर झालं.

१९६८ मध्ये त्याने ठरवलं, की गावातल्या २० ते ६४ वयाच्या प्रत्येक माणसाचं ब्लडप्रेशर मोजायचं. शिबिर नाही, दवंडी नाही. खोकला घेऊन कुणी आला, की त्याच्या कागदावर बीपीची नोंद आहे का ते बघायचं, नसेल तर तिथेच मोजायचं. दोन-चार वर्षांत एकदाही डॉक्टरकडे जात नाही असा माणूस खेड्यात विरळाच, त्यामुळे यादी आपोआप भरत गेली. जे तरीही उरले, त्यांची नावं यादीत कोरी राहिली, म्हणून ती दिसली. मग डॉक्टर आणि नर्स त्यांच्या मागे लागले. अखेर जवळजवळ सगळं गाव मोजून झालं. ज्यांचं बीपी वाढलेलं निघालं त्यांची वेगळी यादी झाली आणि त्या यादीतल्या माणसांना वर्षानुवर्षं बोलावून बोलावून तपासलं गेलं. सिगारेट सोडवण्याचा पाठपुरावाही त्याच कागदांवर चालला.

पंचवीस वर्षांच्या कामाचा हिशेब त्याने आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. शेजारच्या, तशाच खाणकामगारांच्या गावाच्या तुलनेत ग्लिनकॉरगमध्ये पासष्टीच्या आतले मृत्यू चतुर्थांशाहून अधिक कमी होते. दोन छोट्या गावांची तुलना म्हणजे काटेकोर प्रयोग नव्हे, हे कबूल. पण संगणक नसताना, पुठ्ठ्याच्या फायलींवर आणि एका चिवट चमूच्या जोरावर हे झालं, हे विसरून चालणार नाही. आज ‘आमच्याकडे सॉफ्टवेअर नाही हो’ म्हणणाऱ्यांना हे गाव दाखवावं.

रक्तदाबाच्या बाबतीत त्या काळात एक ‘निम्म्याचा नियम’ सांगितला जाई. ज्यांना आजार आहे त्यांतल्या निम्म्यांना तो माहीत नाही, माहीत असलेल्यांतले निम्मे औषध घेत नाहीत, घेणाऱ्यांतल्या निम्म्यांचं बीपी आटोक्यात नाही. आठांतला एक सुटला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये भारताबद्दल दिलेला अंदाज जवळपास तिथेच येतो: उच्च रक्तदाबाचे सुमारे २२ कोटी लोक, आणि बीपी आटोक्यात असलेले १२ टक्के. औषधं मात्र या काळात पार बदलली. अ‍ॅम्लोडिपिनसारखी गोळी स्वस्त झाली, सरकारी दवाखान्यात फुकट मिळू लागली. म्हणजे अडलंय ते औषधाच्या शोधापाशी नाही. अडलंय ते ‘आता चक्कर येत नाही, बरं वाटतंय, म्हणून गोळ्या बंद केल्या’ या वाक्यापाशी. बीपी आणि शुगर दुखत नाहीत, म्हणून पेशंट स्वतःहून येत नाही. जो आजार माणसाला दवाखान्यात ढकलत नाही, तिथे दवाखान्याने माणसाला बोलवायला हवं. बोलवायचं कुणाला, हे यादीशिवाय कळणार कसं?

ग्लिनकॉरगचा धडा ब्रिटनच्या सरकारने २००४ मध्ये साऱ्या देशाला लागू केला, तोही पैशाच्या भाषेत. फॅमिली डॉक्टरांच्या नव्या करारात गुणांची पद्धत आली. मधुमेह, दमा, हृदयविकार अशा आजारांची नोंदवही ठेवली तर गुण, यादीतल्या इतक्या टक्के लोकांचं बीपी आटोक्यात असेल तर आणखी गुण, आणि गुणांवर पैसे. एकदोन वर्षांत देशभरच्या दवाखान्यांत नोंदवह्या उभ्या राहिल्या. त्याचा तोटाही दिसला. ज्याला गुण आहेत तेवढंच डॉक्टर बघू लागले आणि पेशंटशी बोलताना नजर पडद्यावरच्या रिकाम्या चौकटीकडे जाऊ लागली. स्कॉटलंडने २०१६ मध्ये ही गुणपद्धत बंदच केली. मात्र यादी ठेवण्याची सवय मागे राहिली, आणि ती मला पैशाहून मोलाची वाटते.

अमेरिकेतलं उदाहरण आकड्यांमुळे जास्त ठसतं. उत्तर कॅलिफोर्नियात कैसर पर्मनंटे ही विमा आणि दवाखाने एकत्र चालवणारी मोठी संस्था आहे. २००१ च्या सुमारास तिने आपल्या सगळ्या सभासदांच्या नोंदी चाळून उच्च रक्तदाबाची एक रजिस्ट्री केली. त्यात साडेतीन लाखांच्या आसपास लोक निघाले. त्यांतले ४३.६ टक्के आटोक्यात होते. २००९ मध्ये यादी साडेसहा लाखांवर गेली आणि आटोक्यात असलेल्यांचं प्रमाण ८०.४ टक्के झालं. हे नुसत्या यादीने झालं नाही, हे सांगायलाच हवं. दर तिमाहीला प्रत्येक केंद्राचा आकडा बाकीच्यांना दाखवला जाई. औषधं कुठल्या क्रमाने वाढवायची हे ठरलेलं होतं. दोन औषधं एका गोळीत दिली जात. आणि बीपी मोजायला डॉक्टरची वेळ घ्यावी लागत नसे, सहायक मोजायचे आणि त्या भेटीचे पैसे पडत नसत. यादी या सगळ्याचा पाया होती. पाया आहे म्हणून घर होतंच असं नाही, पण पायाशिवाय बाकीच्या गोष्टी कुणाला लावायच्या हेच ठरत नाही.

आता आपल्याकडे यायला हवं, कारण हे आपल्याकडेही झालंय आणि चार लोकांना सांगावं इतकं चांगलं झालंय. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, केंद्रीय आरोग्य मंत्रालय, राज्य सरकारं, जागतिक आरोग्य संघटना आणि ‘रिझॉल्व्ह टू सेव्ह लाइव्ह्ज’ ही संस्था यांनी मिळून भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू केला. पहिल्या टप्प्यातल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता आणि आपल्या जिल्ह्यांत सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा. पद्धत साधी होती. पेशंटचं एक उपचारकार्ड दवाखान्यात राहायचं आणि एक छोटं ‘बीपी पासपोर्ट’ त्याच्या खिशात. हिशेबाची तऱ्हा टीबीच्या कार्यक्रमातून घेतली होती: एका तिमाहीत जितके लोक नोंदले, त्यांचं सहा-नऊ महिन्यांनी काय झालं, आटोक्यात किती, आटोक्याबाहेर किती, आलेच नाहीत ते किती. प्रत्येकाचा हिशेब लागलाच पाहिजे.

पुढे बऱ्याच ठिकाणी कागदाची जागा ‘सिंपल’ नावाच्या मोबाइल अ‍ॅपने घेतली. त्याचं काम जवळून बघण्यासारखं आहे. नर्स पासपोर्टवरचा क्यूआर कोड स्कॅन करते, बीपी टाकते, गोळ्या आहेत त्याच आहेत का ते बघते, पुढची तारीख पडते. अर्ध्या मिनिटाच्या आत काम संपतं आणि रेंज नसली तरी चालतं. सिंधुदुर्गातल्या डोंगरकपारीत काम केलेल्या कुणालाही या शेवटच्या वाक्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. अ‍ॅपच्या दुसऱ्या पानावर ज्यांची तारीख टळून गेली त्यांची यादी असते. नावापुढे फोनचं बटण. फोन झाला की नोंद करायची: येतो म्हणाले, नंतर फोन करा म्हणाले, की यादीतून काढायचं. काढायचं तर का, तेही लिहायचं, मृत्यू झाला, गाव सोडलं, दुसरीकडे उपचार घेतात. या एका पानासाठी बाकीचं अ‍ॅप आहे असं म्हटलं तरी चालेल.

या उपक्रमातून दिसलेली एक गोष्ट अनेकांना उलटी वाटेल. मोठ्या रुग्णालयांपेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि उपकेंद्रांत लोकांचं बीपी जास्त आटोक्यात राहिलं. कारण समजायला कठीण नाही. घराजवळ महिन्याभराच्या गोळ्या मिळाल्या, तर माणूस रोजंदारी बुडवून तालुक्याला का जाईल? शिवाय उपकेंद्रातली ताई नावाने ओळखते. २०२२ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसंस्था कृतिदलाचा पुरस्कार मिळाला, त्याची बातमी आपल्या वर्तमानपत्रांत फारशी दिसली नाही.

आता मघाशी राखून ठेवलेला घोळ. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एएनएमला (आरोग्यसेविकेला), आशाताईला, नोंदवही ही कल्पना कुणी शिकवायला नको. पात्र जोडप्यांची नोंदवही, गरोदर मातांची नोंदवही, लसीकरणाची नोंदवही, टीबीची वेगळी, कुष्ठरोगाची वेगळी. आता तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांच्या जोखमीची प्रश्नावली, आणि तो पोर्टलवर चढवायचा. टेबलावर रजिस्टरांची चळत असते. तरीही बीपी-शुगरचे पेशंट हातून निसटतात, कारण यातली बरीच रजिस्टरं ‘वर पाठवण्यासाठी’ भरली जातात. महिनाअखेरीस बेरीज तालुक्याला गेली की रजिस्टरचं काम संपलं. ते उघडून आज कुणाकडे जायचं हे ठरवलं जात नाही.

एकच मोठा अपवाद आहे, लसीकरणाची ड्यू लिस्ट. सत्राच्या आधी एएनएम आणि आशाताई बसून कुठल्या बाळाचा कुठला डोस राहिलाय ती यादी काढतात, आशाताई त्या घरांत जाऊन आईला सांगून येते, आणि संध्याकाळी कोण आलं नाही याची खूण होते. आपल्याकडच्या लसीकरणाचं बरंचसं यश या हातभर कागदाचं आहे. म्हणजे पेशंट रजिस्ट्री ही सातासमुद्रापलीकडून आणायची गोष्ट नाही. बाळांसाठी आपण जे वर्षानुवर्षं करतोय तेच त्यांच्या आजी-आजोबांसाठी करायचं आहे.

खाजगी दवाखान्याची अडचण वेगळी. ब्रिटनमध्ये प्रत्येक माणूस एका डॉक्टरच्या यादीत नोंदलेला असतो, त्यामुळे एकूण किती हे डॉक्टरला माहीत असतं. प्राथमिक आरोग्य केंद्रालाही मैदानी भागात साधारण तीस हजार, डोंगरी-आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्या ठरवून दिलेली असते. पण गल्लीतल्या डॉक्टरकडे कोण आपलं आणि कोण पाहुणं? पेशंट आज इथे, पुढच्या महिन्यात हायवेवरच्या नव्या हॉस्पिटलात, मध्येच मेडिकलवाल्याकडून जुन्या चिठ्ठीवर गोळ्या. हे खरं आहे. तरीही ‘गेल्या वर्षभरात माझ्याकडे मधुमेहासाठी दोनदा तरी आलेला’ अशी ढोबळ व्याख्या करून सुरुवात करता येते. यादी अपुरी असली तरी यादी नसण्यापेक्षा बरी.

आणि यादी केली की पहिला धक्का डॉक्टरलाच बसतो. समजा, यादीत बीपीचे २०० पेशंट आहेत. या तिमाहीत १२० आले, त्यांतल्या ८४ जणांचं बीपी आटोक्यात आहे. डॉक्टरला रोजच्या अनुभवावरून वाटतं, की आपले ७० टक्के पेशंट छान आहेत. १२० पैकी ८४, म्हणजे हिशेब बरोबर. पण २०० पैकी ८४ म्हणजे ४२ टक्के. न आलेले ८० कुठे गेले, हा प्रश्न यादी होईपर्यंत कुणी विचारलेलाच नसतो. त्यातले काही दुसरीकडे बरे चाललेले असतील, पण काही थेट पक्षाघात होऊन परत येतात.

सुरुवात एकाच आजाराने करावी. हौसेने एकदम पाच आजार घेणारे दवाखाने तिसऱ्या महिन्यात वही बंद करतात. मधुमेह घेतला तर रकाने फार नकोत: नाव, गाव किंवा सोसायटी, फोन, शेवटची भेट, शेवटचं एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) आणि त्याची तारीख, बीपी, डोळ्यांची तपासणी कधी, पाय कधी पाहिले, लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनिन कधी, पुढची तारीख. संगणकावरचा साधा तक्ता पुरतो. महागडं सॉफ्टवेअर विकायला येणाऱ्याला एकच विचारावं, ‘ज्यांची तारीख टळली त्यांची यादी एका क्लिकमध्ये निघते का?’ नाही म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं.

खरं अडतं ते कुणी करायचं इथे. डॉक्टरने स्वतः करायचं ठरवलं तर ते होत नाही, हे मी ठामपणे म्हणेन. ओपीडी संपायला रात्रीचे दहा वाजतात. कंपाउंडर, रिसेप्शनवरची मुलगी किंवा नर्स यांच्यापैकी एकाच्या नावावर हे काम हवं, आठवड्यातला एक ठरलेला वार हवा, दुपारचा निवांत तास हवा. त्या तासात दहा-पंधरा फोन होतात. फोन करणाऱ्याला दोन गोष्टी शिकवाव्या लागतात. पहिली, रागवायचं नाही. ‘का आला नाहीत?’ने सुरुवात झाली की समोरचा कायमचा तुटतो. दुसरी, फोन कुणी उचलला ते बघून बोलायचं. घरातला नंबर बहुधा मुलाचा किंवा सुनेचा असतो. ‘काकूंना डॉक्टरांनी भेटायला बोलावलंय’ एवढं पुरे, आजाराचं नाव काढायचं नाही. माणसाची आरोग्याची माहिती त्याची असते, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर तर संगणकावरच्या यादीबाबत बेफिकीर राहून चालणार नाही. यादी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं हा शुद्ध गाढवपणा आहे.

नोंदी स्वच्छ ठेवणं हे वाटतं त्याहून चिकट काम आहे. सुनीता आणि सुनिता ही एकच बाई दोनदा नोंदली जाते. माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव. एका मोबाइल नंबरावर घरातली पाच माणसं. जन्मतारखेवरून ओळखावं म्हटलं, तर शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिलेल्या १ जूनवर अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस येतो. त्यामुळे दवाखान्याचा स्वतःचा नंबर द्यावा आणि तो पेशंटच्या कार्डावर लिहावा. वारलेल्यांची नावं वेळच्या वेळी काढावीत. गेलेल्या माणसाच्या घरी ‘आजोबांची शुगर तपासायची राहिली’ असा फोन जाणं यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही.

नोंदवहीने सगळं सुटत नाही. गोळ्यांचा साठा संपला असेल, तर बोलावून आणलेला माणूस रिकाम्या हाताने जातो आणि पुढच्या वेळी फोन उचलत नाही. आटोक्याबाहेरचं बीपी दिसूनही औषध वाढवायला डॉक्टर कचरत असतील, तर यादी फक्त लाल रंगाची होत जाते. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर सहा महिने बाहेर असणाऱ्यांचं काय, याचं उत्तर एका केंद्राच्या वहीत नाही. त्यांच्या खिशातलं कार्ड दुसऱ्या जिल्ह्यातल्या नर्सला वाचता आलं पाहिजे, आणि आभा क्रमांकासारख्या राष्ट्रीय आरोग्य-ओळखीचा खरा उपयोग झाला तर तो या लोकांना व्हायला हवा.

तुम्ही डॉक्टर असाल, तर या आठवड्यात कपाटातले मधुमेहाचे केसपेपर एका बाजूला काढा आणि सहा महिन्यांत न आलेली नावं मोजा, बाकीचं मग सुचेल. आणि तुम्ही पेशंट असाल, तर पुढच्या भेटीत फी देताना एवढंच विचारा, ‘डॉक्टर, मी आलो नाही तर तुम्हाला कळेल का?’